साळिंदराचे रिकामे आळे

बालमित्रांनो, सागाच्या एका विरळ रानात, तळ्याच्या उतारावर, प्राण्यांची एक जुनी वस्ती होती. आणि त्या वस्तीच्या अगदी खालच्या टोकाला एक साळिंदर शेती करून राहत असे. त्याच्या शेतात सुरण होता, रताळी होती आणि बांधाच्या कडेने वालाचे वेल होते. त्याची शेती साधी असली, तरी पेरणीची पद्धत मात्र पाहण्यासारखी होती. साळिंदर पुढे चाले व पुढच्या नखांनी माती उकरी. त्याची बायको मागून येई व उकरलेल्या जागी एकेक दाणा टाकी. दाणा मातीवर पडल्याचा ‘टप्’ असा आवाज झाला, की साळिंदर मागे वळून न पाहता मागच्या पायाने त्यावर माती ओढून घेई आणि एक पाऊल पुढे सरके. कितीतरी हंगाम ही जोडी अशीच पेरत आली होती. बोलण्याची गरज पडत नसे. ‘टप्’ म्हटले की पाय हलत असे.

या साळिंदराची अडचण पाण्याची होती. तळ्याचे पाणी एका पाटाने खाली येई आणि ज्याची त्याची पाळी लागे. परंतु पाळी नेहमी वरून सुरू होई. वरच्यांचे भिजवून झाले, त्यांच्या शेजाऱ्यांचे झाले, त्यांच्या पाहुण्यांच्या अंघोळी झाल्या, की मग पाट खालच्या टोकाला पोहोचे. आणि तोपर्यंत त्यात ओल्या मातीखेरीज काही उरलेले नसे. पाळ्या ठरवण्याचे काम वस्तीच्या सभेतील पाणी-सभासदाकडे असे. ही जागा बऱ्याच वर्षांपासून कोल्ह्याकडे होती, आणि कोल्ह्याचे घर तळ्याला लागूनच होते.

“अजून एक हंगाम असा गेला, तर आपल्याला हे रान सोडावे लागेल,” साळिंदर एके दिवशी सुकलेल्या रताळ्याच्या वेलाकडे पाहत म्हणाला.

“सोडण्याआधी एकदा उभे तर राहून पाहा,” बायको म्हणाली.

“कुठे उभा राहू?”

“निवडणुकीला हो! आणखी कुठे?”

साळिंदराने उभे राहायचे ठरवले. तो नक्की कधी ठरवता झाला हे त्यालाही सांगता आले नसते. कारण तो विचारच करत होता, तोवर बांधावर बसलेल्या कावळ्याने ही बातमी सगळ्या वस्तीत पोहोचवली होती. संध्याकाळी तोच कावळा सल्लागार म्हणून दारात हजर झाला.

“दादा, काळजी सोडा. प्रचाराचे मी पाहतो,” कावळा म्हणाला. “पहिले काम, मतदाराला मिठी मारायची.”

साळिंदराने मान वळवून आपल्या पाठीवरच्या काट्यांकडे पाहिले. कावळ्यानेही पाहिले.

“बरे, मिठी राहू द्या. लांबूनच हात जोडा,” कावळा म्हणाला. “दुसरे, आश्वासन द्यायचे.”

“पाणी खालच्या टोकापासून सोडायचे, एवढेच मला म्हणायचे आहे.”

“असे एकच एक म्हणून कसे चालेल? वरच्यांना सांगा, पाणी वरून सोडू. खालच्यांना सांगा, खालून सोडू.”

“पण पाट तर एकच आहे!”

“दादा, तुम्ही शेतकरी आहात,” कावळा दयेने म्हणाला. “तुम्हाला हे लगेच नाही कळायचे.”

साळिंदराला ते लगेच कळले नाही आणि नंतरही कळले नाही. त्याने घरोघरी जाऊन आपले एकच वाक्य सांगितले. त्यावर जे उत्तर मिळाले, त्याने तो अधिकच बुचकळ्यात पडला. मधल्या टप्प्यात राहणारा ससा म्हणाला, “दादा, आमचा मताचा दाणा तुम्हालाच!” बेडकाने शपथ घेतली. खारीने तर डोळ्यांत पाणी आणले. आणि परतताना साळिंदराला दिसले, की कोल्हा त्याच घरांतून हसत हसत बाहेर पडतो आहे व ससा दारातून ओरडतो आहे, “काका, आमचा दाणा तुम्हालाच!”

घरी येऊन साळिंदर बायकोला म्हणाला, “अगं, सगळे मलाच देणार म्हणतात. मग कोल्हा कशाला लढतो आहे?”

“त्यालाही हाच प्रश्न पडला असेल,” बायको म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे जेवण वाढले.

आता या वस्तीत मत देण्याची रीत कशी होती, हे सांगितले पाहिजे. कारण पुढचे सगळे त्या रीतीवर अवलंबून आहे. निवडणुकीचे काम एका वृद्ध कासवाकडे होते. मतदानाच्या दिवशी कासव प्रत्येक मतदाराला वालाचा एक दाणा देई. करवंदीच्या जाळीआड प्रत्येक उमेदवारासाठी, झाडाभोवती पाणी धरण्यासाठी करतात तसे, एकेक गोल आळे केलेले असे. मतदार एकेकटा आत जाई आणि आपला दाणा हव्या त्या आळ्यात टाकी. उमेदवाराने आपल्या आळ्यापाशी राखणीला बसायचे, परंतु आळ्याकडे पाठ करून; म्हणजे कोणी कोणाला दाणा दिला, हे त्याला दिसू नये. उमेदवाराला स्वतःला दाणा मिळत नसे. दिवस उतरला, की कासव आळ्यात दिसतील तेवढे दाणे मोजी. आळ्यात कोणीही पंजा घालायचा नाही, हा नियम फार कडक होता. मागे एकदा कोणीतरी मोजायला म्हणून पंजा घातला होता आणि तो बाहेर आला तेव्हा दाणे वाढले होते, असे सांगतात. शिवाय, आपण कोणाला मत दिले हे येत्या अमावास्येपर्यंत कोणी तोंडातून काढायचे नाही, असाही दंडक होता. भांडणे होऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू असावा.

मतदानाचा दिवस उजाडला. कोल्हा आपल्या आळ्याकडे पाठ करून बसला आणि येणाऱ्या जाणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून, “या, या, आजी कशा आहेत?” असे विचारू लागला. साळिंदरही बसला. त्याला काय विचारावे ते सुचेना.  ‘सुरणाला आज पाणी मिळाले नाही. मी इथे बसून काय करतो आहे? कावळ्याने पाठ करायला दिलेले भाषण कोणत्या शब्दाने सुरू होत होते?’ अशा विचारांत त्याचे डोके गरगरत होते.

आणि मागे आवाज झाला : ‘टप्’.

बालमित्रांनो, तुमच्या ध्यानात आलेच असेल. साळिंदराच्या मात्र ध्यानात आले नाही. त्याचे मन भाषणात होते. पाय आपल्या कामाला लागला. मागच्या पायाने अलगद माती ओढली, दाणा झाकला आणि साळिंदर तसूभर पुढे सरकून पुन्हा विचार करू लागला. थोड्या वेळाने पुन्हा ‘टप्’ झाले. पाय पुन्हा हलला; दाणा टाकणारा तोवर पाठ फिरवून निघालेला असे. दुपारी बायको आपला दाणा टाकायला आली, तेव्हा तिने त्याच्यासाठी पानाच्या द्रोणात पाणी आणले होते. आळ्यात सपाट मातीखेरीज काही नाही, हे पाहून तिच्या काळजात चर्र झाले. पण जाळीआड बोलायचे नसते, म्हणून तिने दाणा टाकला, द्रोण त्याच्याजवळ ठेवला आणि ती खाली मान घालून निघून गेली. साळिंदर अर्धे पाणी प्यायला आणि उरलेले त्याने, पेरणीच्या दिवशी करत असे तसे, न पाहताच मागे ओतले.

मग ससा आत आला. सशाच्या मनात खरोखरच साळिंदराला मत द्यायचे होते, असे मानायला जागा आहे. पण त्याने पाहिले, की कोल्ह्याच्या आळ्यात दाण्यांचा ढीग आहे आणि साळिंदराचे आळे रिकामे आहे. ‘म्हणजे कोणीच दिले नाही! मग माझ्या एका दाण्याने काय व्हायचे?’ असे म्हणून त्याने दाणा ढिगावर टाकला आणि तो उड्या मारत बाहेर गेला. असे करणारा तो एकटा नव्हता.

ऊन उतरल्यावर कासवाने मोजणी केली. कोल्ह्याच्या आळ्यात चांगलीच रास होती. मग कासव साळिंदराच्या आळ्याकडे वळले, डोके बाहेर काढून त्याने बराच वेळ आत पाहिले आणि मग आळ्याला एक फेरी घातली.

“काहीच नाही,” कासव म्हणाले.

सगळी वस्ती आळ्याभोवती जमली. साळिंदराला प्रथम वाटले, की आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्याने वळून पाहिले. आळे खरेच रिकामे होते.

“आजोबा, एकसुद्धा नाही?”

“दिसतील तेवढेच मोजायचे, असा नियम आहे. दिसत काही नाही. कोल्हा निवडून आला.”

“अरे अरे, साळिंदरराव!” कोल्हा मोठ्याने म्हणाला. “घरातलेसुद्धा फिरले म्हणायचे!”

गर्दीत हशा पिकला. पण काही प्राणी हसले नाहीत. बेडूक डोळे मिचकावत उभा होता. आपण टाकलेला दाणा गेला कुठे, हे त्याला कळेना. खारीलाही कळेना. जो तो समजत होता, की गहाळ झालेला दाणा फक्त आपलाच. आणि दंडक असा, की बोलायची सोय नाही. त्यातच कोल्हा एकेकाच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहत होता. म्हणून ज्याला त्याला आपली पावले पाहण्यात एकाएकी रस वाटू लागला.

साळिंदर बायकोबरोबर घरी निघाला. ‘घरातलेसुद्धा’ हा एकच शब्द त्याच्या डोक्यात फिरत होता. बायको तर जाळीआड जाऊन आली होती. तिच्या पावलांचा आवाज त्याने ओळखला होता. मग?

अर्ध्या वाटेत बायको थांबली. “अहो, मी तुम्हालाच दिला होता.”

“दंडक आहे. बोलू नकोस.”

“दंडक राहिला बाजूला! मी माझ्या हाताने टाकला.”

“बरे,” साळिंदर हळूच म्हणाला. ती आपली समजूत घालते आहे, असे त्याला वाटले. आणि तो तसे मानतो आहे, हे तिला त्याच्या ‘बरे’ म्हणण्यावरून कळले. उरलेली वाट दोघेही एकमेकांपासून थोडे अंतर ठेवून चालले. साळिंदराला काटे असल्यामुळे तसे अंतर नेहमीच असे. त्या दिवशी ते जास्त होते.

पुढच्या पाळीलाही पाणी आले नाही. सुरणाची पाने माना टाकू लागली. शेवटी एके सकाळी साळिंदराने उरलेली रताळी एका बोचक्यात बांधली. “चल,” तो म्हणाला. “डोंगरापलीकडे जाऊ. इथे आपले कोणी नाही.”

वाट करवंदीच्या जाळीवरून जात होती. साळिंदर मान खाली घालून पुढे गेला असता. पण मातीकडे पाहत चालण्याची त्याला सवय होती, म्हणून तो थबकला. त्याच्या आळ्यात मातीला बारीक तडे गेले होते आणि प्रत्येक तड्यातून वालाचा एकेक कोंब पाठ वाकवून वर येत होता. काहींनी तर दोन पानेही उघडली होती.

“इथे वाल कोणी पेरला?” साळिंदर चकित होऊन म्हणाला. “आणि पेरलाय तरी कसा नीट! माती अगदी बेताची ओढली आहे.”

बायको एकदा कोंबांकडे पाहत राहिली आणि एकदा नवऱ्याकडे. मग तिने बोचक्याला चिकटलेला वालाचा एक दाणा काढला. “अहो, जरा तिकडे तोंड करून उभे राहा.”

“का?”

“राहा म्हणते ना!”

साळिंदर पाठ करून उभा राहिला. तिने दाणा त्याच्या मागे मातीवर टाकला. टप्. साळिंदराच्या मागच्या पायाने माती ओढली आणि तो एक पाऊल पुढे सरकला.

“आता सांग, का उभे केलेस?” त्याने विचारले.

बायको हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. “मागे बघा! मागे बघा म्हणजे कळेल!”

साळिंदराने मागे पाहिले. नुकतीच ओढलेली माती पाहिली, आपला पाय पाहिला, आळ्यातले कोंब पाहिले. “म्हणजे हे... हे सगळे...”

“आणि त्यातला एक माझा,” बायको म्हणाली.

 मग त्याने बोचके खाली ठेवले. “मला क्षमा कर,” तो म्हणाला. आणि लगेच, “पण यांना आज पाणी मिळाले नाही, तर दुपारपर्यंत हे करपतील. दोन पानांची चार पाने होईपर्यंत तरी थांबायला हवे. कोंब टाकून कसे जायचे?”

अशा रीतीने डोंगरापलीकडे जाणे लांबणीवर पडले. साळिंदर रोज तळ्यावरून द्रोण भरून आणी आणि वरच्यावर शिंपडी. कोंब वाढत होते आणि उशिरा रुजलेले नवे कोंब रोज सकाळी वर येत होते. हे मत आहे की पीक आहे, असा विचार त्याच्या मनात येई. पण त्याचे उत्तर सापडत नसे, म्हणून तो पाणी घाली.

हे सर्व कोल्हा आपल्या दारातून पाहत होता. त्याला मात्र त्यात जराही गोंधळ वाटत नव्हता. ‘केवढा धूर्त आहे हा!’ तो मनाशी म्हणाला. ‘वरून भोळेपणा दाखवतो आणि मते जमिनीत पुरून वाढवतो!’ कोल्हा स्वतः तसेच वागला असता, म्हणून त्याला दुसरे कारण सुचणे शक्य नव्हते. त्याने आपले दाणे विजयाच्या मेजवानीत उसळ करून संपवले होते. आता तो रोज सकाळी करवंदीच्या जाळीशी फिरायला येई आणि हलक्या आवाजात कोंब मोजी. कोंब त्याच्या राशीच्या आकड्याजवळ येत चालले होते. मातीला आणखी तडे जातच होते.

एके सकाळी त्याला राहवले नाही. “साळिंदरराव,” तो घाम पुसत म्हणाला, “तुम्ही अमावास्येच्या आत फेरमोजणी मागणार आहात म्हणे?”

“कसली फेरमोजणी?” साळिंदराने विचारले.

“वा! काही माहीत नसल्यासारखे!” कोल्हा म्हणाला. “हरलेल्याला अमावास्येपर्यंत फेरमोजणी मागता येते, हे तुम्हाला कोणी सांगितलेच नसेल! बरे, आपण शेजारीच आहोत. काय हवे ते बोला.”

“मला? पाणी खालच्या टोकापासून हवे. मी तर तेवढेच म्हणत होतो.”

“एवढेच? दिले! फक्त फेरमोजणी मागू नका.”

साळिंदर म्हणणार होता, की मी मागतच नव्हतो. परंतु बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

“काका, शब्द चांगला दिलात,” ती म्हणाली. “आता तोच शब्द वस्ती गोळा करून कासवआजोबांसमोर द्या. आमचे हे फार विसरतात.”

कोल्हा चरफडला, पण आळ्यात त्याच क्षणी आणखी एका जागी माती हलली, आणि तो वस्ती गोळा करायला गेला. सर्वांसमोर कोल्ह्याने सांगितले, की यापुढे पाण्याची पाळी खालच्या टोकापासून सुरू होईल. कासवाने तो शब्द सभेचा ठराव म्हणून जाहीर केला. मग बेडकाने विचारले, “आजोबा, पण समजा फेरमोजणी झालीच असती, तर कोंब धरले असते का?”

कासवाने डोके आत घेतले व बऱ्याच वेळाने बाहेर काढले. “दिसतील तेवढे दाणे, असे नियम म्हणतो. हे दिसतात, पण दाणे नाहीत. दाणे होते, पण दिसले नाहीत. विचार करावा लागेल. आणि माझा विचार या अमावास्येच्या आत होईल, असे मला वाटत नाही.”

त्या दुपारी पाटाचे पाणी वाटेत कोणाकडेही न वळता थेट खालच्या टोकाला आले. साळिंदर पाटात पाय बुडवून उभा राहिला. “अगं,” तो बायकोला म्हणाला, “मी हरलो ना?”

“हो.”

“मग पाणी कसे आले?”

“उभे राहा नीट, सुरणात शिरते आहे ते!” बायको म्हणाली, आणि दोघेही पाणी वाफ्यांत वळवायला, दारे धरायला धावले.

पुढे अमावास्या झाली. दंडक संपला. आणखी काही आठवड्यांत आळ्यातले वेल करवंदीच्या जाळीवर चढले आणि त्यांना फुले धरली. वस्तीतले प्राणी एकेक करून ते पाहायला येऊ लागले. बेडूक एका वेलाकडे बोट दाखवून म्हणाला, “हा माझा.” खार म्हणाली, “हा माझा.” मग ससा आला. त्याने सगळ्यांत उंच वेल निवडला, त्याच्यासमोर मान ताठ करून उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, मी तेव्हाच म्हटले होते ना? हा बघा माझा!”

साळिंदराने सर्वांचे आभार मानले. परंतु सगळे गेल्यावर तो वेलांकडे पाहत कितीतरी वेळ उभा राहिला आणि पुन्हा एकदा पार गोंधळून गेला. कारण आळ्यात वेल होते त्यापेक्षा त्यांचे मालक बरेच जास्त निघाले होते.

तात्पर्य : इतरांनी टाकलेला विश्वास लगेच दिसला नाही, म्हणून तो नव्हताच असे समजू नये; आणि आपला विश्वास कोणावर टाकायचा, हे दुसऱ्याचा ढीग पाहून ठरवू नये.